जुन्याची मळी

पुणतांबा,
२२ ऑगस्ट २०२५

आदरणीय अण्णा,
सप्रेम जयभीम.

तुम्ही फोन उचलत नाही. सम्राटच्या फोनवर केला, तर तो म्हणतो, "अण्णा म्हणतात, जे काय असेल ते लेखी द्या." माझा सख्खा भाऊ मला हे ऐकवतो, तेही हसू दाबत. मंडळाच्या बैठकीत इतकी वर्षं हेच ऐकत आले, आता घरातही ऐकायचं. घ्या लेखी.

पहिली गोष्ट, सभेत बदलीचा नियम बंद करायच्या बाजूने मी हात वर केला. तुम्ही पाहिलंत, सगळ्यांनी पाहिलं, आणि मला त्याची लाज वाटत नाही. तुमची मुलगी असले तरी गोदाकाठ रोपवाटिका मंडळाची सचिव आहे, आणि सचिव तुम्हीच केलंत. ज्याच्या फाटकावर मंडळाची हिरवी पाटी, त्याच्याकडे कुणीही मेलेलं रोप घेऊन यावं आणि जिवंत घेऊन जावं, मग ते विकलेलं कुणीही असो, हा नियम ऐकायला फार छान आहे. मोठ्या दुकानांना असलं काही जमत नाही, हे तुम्ही प्रत्येक भाषणात सांगता तेही खरं. पण यंदा लोक रिक्षा भरभरून काटक्या आणत होते. बदली म्हणून दिलेलं रोपही पंधरवड्यात मान टाकत होतं, कारण तेही त्याच मिश्रणात लावलेलं. मिश्रण मंडळाचं, म्हणजे तुमचं. सगळ्या रोपवाटिकांची माती एकाच ठिकाणी कालवायची, ही कल्पनाही तुमचीच.

श्रीरामपूरच्या मालनबाई सभेत काही वावगं बोलल्या नाहीत. "अन्ना, मेलेली मी बदलून देते, पन मारतंय कोन त्ये तर सांगा," एवढंच म्हणाल्या. त्यावर तुम्ही काय केलंत? उभे राहिलात आणि सगळ्यांसमोर म्हणालात, "मी जुनी मळी सांगितली हुती. माझ्या जावयाला अक्कल न्हाई, त्यानं कच्ची आनून टाकली. त्याला इचारा."

साखर कारखान्यातल्या रसाचा गाळ म्हणजे मळी, ती वर्षभर कुजल्याशिवाय मातीत मिसळायची नाही, कच्ची मळी पाणी लागलं की तापते आणि मुळं भाजून काढते, हे तुम्हीच आम्हा सगळ्यांना शिकवलंत. त्यामुळे कुणाला समजावून सांगायची गरज पडली नाही. सगळ्यांनी माना वळवून दाराकडे पाहिलं. तुमचे जावई तिथे चहाची किटली घेऊन उभे होते. सचिनने किटली टेबलावर ठेवली आणि बाहेर जाऊन टेम्पोत बसला. मग तुम्ही उठलात, पिशवी उचललीत आणि घरी न येता सम्राटकडे पुण्याची एसटी धरलीत.

त्या पिशवीत मंडळाचा शिक्का आणि कोरे कागद आहेत. शिवाय आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या आहेत, ज्या तुम्ही त्याच दिवशी श्रीरामपुरात घेतल्या होत्या. गोळ्या मी नव्या आणल्या. शिक्का कुठून आणू?

आई बरी आहे. रागावलेली आहे, म्हणजे बरीच आहे.

तुमची,
सीमा


पुणतांबा,
४ सप्टेंबर

आदरणीय अण्णा,
जयभीम.

तुमचं उत्तर मिळालं. मंडळाच्या कोऱ्या कागदावर, जावक क्रमांक घालून, खाली अध्यक्षांचा शिक्का. स्वतःच्या मुलीला शिक्का मारून पत्र पाठवणारा बाप अख्ख्या जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही. "मुद्दा पहिला अमान्य. मुद्दा दुसरा विचाराधीन. तुझ्या आईला औषध वेळेवर देणे." मी आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "ह्यास्नी म्हनावं, औषध तुमच्याच पिशवीत हाय, तुमीच घ्या." मी लिहिते म्हटलं. लिहिलं.

आता कामाचं. शिर्डी रोडला ते काचेचं मोठं दुकान सुरू झालंय, तुम्ही ज्याला झाडांचा दवाखाना म्हणून हसला होतात. उपाध्यक्ष गोरक्षनाथ मला आणि मालनबाईंना तिथे घेऊन गेले. कोपरगावहून मुद्दाम गाडी घेऊन आले, म्हणजे मनात काहीतरी होतं हे मी ओळखलं. आत एसी. तुळस चिनी मातीच्या कुंडीत ठेवलेली, गारठून पानं मुडपलेली. मी तिथल्या पोरीला विचारलं, ही मेली तर काय? ती म्हणाली, "मॅडम, दुसरी घ्यायची." मालनबाई बाहेर येईपर्यंत हसत होत्या.

गोरक्षनाथ हसले नाहीत. दुकानवाल्यांनी त्यांना सांगितलंय, तुम्ही सगळे आम्हाला रोपं पुरवा, आम्ही आमची चिठ्ठी लावून विकू. गिऱ्हाईकाची कटकट आमची, मेलं-जगलं तुम्हाला कुणी विचारणार नाही. फक्त फाटकावरची हिरवी पाटी काढायची. त्यांना दोन पाट्या चालत नाहीत. आणि अण्णा, मला वाटलं होतं आपली माणसं त्यांना हाकलून देतील. तसं झालं नाही. राहात्याचे दोघे तर तयारच आहेत. यंदाच्या काटक्यांनी सगळ्यांचा जीव इतका विटलाय की "कुणी विचारणार नाही" हे शब्द त्यांना गोड लागतायत.

परत येताना गोरक्षनाथ जे बोलले ते जसंच्या तसं लिहिते, कारण तुम्हाला लेखीच हवं असतं. म्हणाले, "सीमाताई, मंडळ अन्नांच्या शब्दावर चालत हुतं. आता शब्दच पुन्याला जाऊन बसलाय. आमी कुनाच्या तोंडाकडं बघायचं?"

मला राग आला.

रविवार, पाच ऑक्टोबरला श्रीरामपुरात सभा लावली आहे. विषय एकच, मंडळ ठेवायचं की मोडायचं. अध्यक्ष आले नाहीत तर उपाध्यक्ष सभा चालवतील, ही घटनेतली ओळ तुमच्याच हातची आहे. म्हणजे गोरक्षनाथ चालवतील. ते वाईट माणूस नाहीत, दुष्टपणा करणार नाहीत. पण तुमची खुर्ची रिकामी दिसली की काय होईल ते मला आत्ताच दिसतंय. माणसं रिकाम्या खुर्चीशी भांडत नाहीत, सरळ घरी जातात.

तुम्ही या. रागावून या, पण या.

सीमा


पुणतांबा,
१९ सप्टेंबर

आदरणीय अण्णा,

मी हात टेकले.

मंडळ बुडायला आलंय आणि तुम्ही शिक्का मारून पाठवता, "वाहतुकीतील हलगर्जीपणाची चौकशी करून अहवाल सादर करावा. तोवर अध्यक्ष सभेस येणार नाहीत." कुणाची चौकशी? टेम्पो एकच, ड्रायव्हर एकच, आणि तो रोज माझ्या समोर बसून जेवतो. याला चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात.

चौकशीच हवी असेल तर मी तुम्हालाच विचारते. मे महिन्यात अवकाळी पडत होता, तेव्हा आपण पिशव्या भरत होतो. मिश्रणाचा ढीग उघडला तेव्हा आंबूस वास आला. मालनबाई मदतीला आल्या होत्या, त्या म्हणाल्याही, अण्णा, ह्याला वास येतोय. तुम्ही हातात न घेताच म्हणालात, पावसाचा वास हाय, भरा. आठवतंय? ढिगापासून चार पावलांवर खुर्ची टाकून बसला होतात आणि कुणालातरी फोनवर मंडळाचं महत्त्व सांगत होतात. उठला असतात, मूठभर हातात घेतली असतीत, तर एकही रोप गेलं नसतं. नाचता येईना अंगण वाकडं, असं मुलीनं बापाला म्हणू नये, पण मग कुणी म्हणायचं?

दुसरं. आपल्या भागात "जुना" आणि "नवा" म्हटलं की शेंबडं पोरही काय समजतं? जुना कारखाना आणि नवा कारखाना. मळी आपण कायम नव्याच्या मागच्या ढिगावरून आणतो, कारण तिथे कुजलेली मिळते. जुन्याकडे यंदाच्या गाळपाची कच्चीच पडलेली होती, हे तुम्हालाही ठाऊक आहे. मग सचिन आपल्या मनाने वाट वाकडी करून जुन्याकडे का जाईल? अंतरही जास्त, रस्ताही खराब. सचिनला मळीतलं काही कळत नाही, कबूल. म्हणून तर तो सांगितल्या शब्दाबाहेर जात नाही. तुम्ही त्या सकाळी त्याला नेमकं काय म्हणालात, एकदा शांतपणे आठवून बघा. मी आत्ता एवढंच लिहिते.

तो काही बोलत नाही. त्या सभेपासून मळीचा म बोललेला नाही. मी विषय काढला की उठून टेम्पो पुसायला जातो. पण रोज भाडं आटोपून आला की उरलेल्या पिशव्या फाडतो, एकेका रोपाची मुळं पाण्यात हलक्या हाताने धुतो आणि साध्या मातीत परत लावतो. कुणी सांगितलं नाही त्याला. काही वाचलीत, लिंबं जास्त वाचलीत, जास्वंदीने मात्र दगा दिला. मी म्हटलं, कशाला एवढं करतोस, तुझ्यावर तर सगळं ढकलून झालंय. तर म्हणाला, "मामांची रोपं हायेत."

हे ऐकून मला इतका संताप आला की मी आत जाऊन भांडी आपटली. कुणाचा संताप, ते मलाही नीट सांगता येणार नाही. एक बाप, एक नवरा, दोघेही आपापल्या जागी घट्ट, आणि मध्ये मी पोस्टाची तिकिटं चाटत बसले आहे.

तुमचं तिकडे काय चाललंय ते मला सम्राटच्या जयाकडून कळतं बरं का. सोसायटीच्या वॉचमनला झाडं खोल लावली म्हणून झापलंत. शेजारच्यांच्या बाल्कनीतली मनीप्लँट न विचारता छाटून आणलीत. सातव्या मजल्यावर खिडकीशी उभे राहून तासन्‌तास खाली मातीचा एक तुकडा बघता म्हणे. जया हसत सांगत होती. मला हसू आलं नाही.

सीमा


पुणतांबा,
२८ सप्टेंबर

अण्णा,

हे शेवटचं. पाच तारखेला सभा आहे.

जया म्हणाली, तुम्ही परवा बॅग भरली होती आणि दुपारी परत उपसली. का? लोक काय म्हणतील म्हणून? लोक काही म्हणत नाहीत, लोक विसरायला लागलेत, हे जास्त वाईट आहे. सचिनचं तोंड बघायला नको म्हणून? तसं असेल तर तो सभेला येणार नाही, मी सांगते त्याला, तो माझं ऐकतो. कुणीतरी ऐकतं.

विहारात बायका आईला विचारतात, रंभाजी कुठायत? आई सांगते, पुण्याला तब्येत दाखवायला गेलेत. हे खोटं तिला नीट बोलता येत नाही. दर वेळी आधी पदर सारखा करते, म्हणून सगळ्यांना कळतं.

आता मुद्दे नाहीत आणि क्रमांकही नाहीत. मला तुमची आठवण येते. फाटकाशी उभं राहून गिऱ्हाईकाला "न्यावा, मेलं तर माझ्याकडं यावा" असं तुम्ही म्हणता, ते मला लहानपणापासून आवडतं. हात वर केला तेव्हाही आवडत होतं. तो आवाज नसला तर हिरव्या पाटीचा फक्त पत्रा उरतो. मी एकटी हे सांभाळू शकत नाही. सांभाळायचंही नाही मला एकटीला.

या ना.

सीमा


पुणतांबा,
६ ऑक्टोबर

आदरणीय अण्णा,
जयभीम.

तुम्ही आला नाहीत. काल सभा झाली. वृत्तांत देते, सचिव आहे.

गोरक्षनाथ अध्यक्षस्थानी बसले, म्हणजे तुमच्या खुर्चीच्या शेजारच्या खुर्चीत. तुमची रिकामी ठेवली. एवढा मान त्यांनी राखला. मग मंडळ मोडायचा ठराव वाचला आणि कुणाला काही बोलायचंय का विचारलं. राहात्याचे दोघे बोलले. मिश्रण अण्णांचं, नियम अण्णांचा, आणि निस्तरायची वेळ आली तर अण्णा गायब, असं म्हणाले. त्यात खोटं काय होतं? मी खाली मान घालून लिहीत राहिले. मालनबाईसुद्धा गप्प. हात वर व्हायची वेळ आली.

तेव्हा दारातून सचिन आत आला. मी त्याला येऊ नको म्हणून सांगितलं होतं, तो गाडी लावून बाहेर थांबणार होता. तो सभासद नाही, त्याला बोलायचा अधिकार नाही, हे सांगायला गोरक्षनाथांनी तोंड उघडलं, तोवर याने बोलून टाकलं.

"मामा जुनी मळी म्हनले हुते. मीच ऐकन्यात घोळ केला, जुन्या कारखान्याला गेलो. मामांची चूक न्हाई. मंडळाची बी न्हाई. माझी हाय."

गोरक्षनाथांनी विचारलं, मग इतके दिवस गप्प का बसलास? तो म्हणाला, मामा सगळ्यांसमोर बोलले होते की, परत काय बोलायचं. मी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. त्याने माझ्याकडे बघून नुसतं डोकं हलवलं, नको म्हणून. आणि अण्णा, मी गप्प बसले.

मग मालनबाई उठल्या. ड्रायव्हरच्या घोळापायी मंडळ मोडायचं का, म्हणाल्या. माणसांना तेवढं कारण पुरलं. चूक तुमच्या शब्दाची नाही, टेम्पोवाल्याच्या कानाची, असं एकदा ठरलं की सगळ्यांचा जीव खाली बसला. मंडळ राहिलं. हिरव्या पाट्या राहिल्या. बदलीचा नियमही पुढच्या हंगामापासून परत आला, आणि या वेळी मीही त्याच्या बाजूने हात वर केला. गोरक्षनाथांनी एक अट घातली, मळी उतरवायच्या आधी अध्यक्षांनी स्वतः हातात घेऊन बघायची. तेव्हा अध्यक्ष लागणार आहेत.

आणखी एक ठराव झाला. यापुढे मंडळाची वाहतूक सचिनला द्यायची नाही. तोही मीच लिहून घेतला. माझ्या नवऱ्याचं काम गेलं, ते माझ्या अक्षरात. खाली शिक्का नाही, तुम्ही आलात की मारा.

घरी येताना मी त्याच्यावर ओरडले. तो गाडी चालवत राहिला. शेवटी म्हणाला, "मामा म्हातारे झालेत. मला दुसरी भाडी मिळत्याल. त्यांना दुसरं मंडळ मिळायचं न्हाई."

आता ऐका. तुम्हाला लेखी लागतं ना? सचिन मळी आणायला निघाला त्या दिवशी सकाळी मी पंपापाशी पिशव्यांचे गठ्ठे सोडत होते. तुम्ही तोंडात मिसरी धरून उभे होतात. टेम्पो सुरू झाल्यावर तुम्ही मागून हाक मारलीत आणि म्हणालात, "सचिन, जुन्याची आन." जुनी नाही. जुन्याची. मी माझ्या कानांनी ऐकलं. तुम्हाला म्हणायचं होतं जुन्या ढिगाची, कुजलेली. ते तुमच्या मनात होतं. तोंडातून जे आलं त्याचा अर्थ या तालुक्यात एकच होतो. तुम्ही पाठवलंत तिथेच तो गेला, आणि परत आल्यावर तुम्ही ढीग पाहिलासुद्धा नाही. आणि त्यालाही नेमकं आठवतंय, अण्णा. माझ्यापेक्षा नेमकं. काल त्याने खोटं सांगितलं, तेही तुमच्यासाठी, आणि त्या खोट्यावर तुमचं मंडळ वाचलं.

मला हे मंडळ असं नकोय. पुढच्या सभेत तुम्ही सगळ्यांसमोर काय शब्द वापरलात ते सांगाल, की मी सांगू, एवढंच ठरवायचं राहिलंय. तुम्ही सांगितलंत तर मंडळ मोडेल असं मला वाटत नाही. गोरक्षनाथांना एवढंच हवं होतं, कुणीतरी समोर यावं. पण मोडलं तरी चालेल. सचिनला अक्कल नाही, हे तुम्ही भर सभेत बोललात, ते भर सभेतच परत घ्यावं लागेल.

हे पत्र पोस्टात टाकलेलं नाही. सचिन घेऊन येतोय. सकाळीच टेम्पो धुतला, पुढच्या सीटवर आईची गोधडी घातली, तुमची कंबर दुखते म्हणून. पाकीट बंद आहे. आत काय लिहिलंय ते त्याला माहीत नाही, शिक्का परत मागितलाय एवढंच त्याला वाटतं.

तुम्ही हे वाचताय तेव्हा तो दारातच उभा असेल. जयाने आत या म्हटलं तरी तो आलेला नसेल, मला माहीत आहे. चपला काढून बाजूला ठेवल्या असतील आणि भिंतीकडे बघत असेल. मामा बोलावतील तेव्हाच येणार.

अण्णा, कागद ठेवा खाली. त्याला आत बोलवा.

सीमा